मिरजेहून तानपुरा आणताना

थोरलीच्या गाण्याच्या बाईंनी गेल्या वर्षी मार्चमध्ये सांगून टाकलं, "मोबाइलवरचा तानपुरा आता पुरे झाला. घरात खरा येऊ द्या."

तसा घरात एक होता. सासूबाईंच्या वडिलांचा, चांगला पाच फुटी, माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला. खाली उतरवला तर भोपळ्याला तळाशी वीतभर चीर, एक खुंटी गायब आणि हलवला की आत कसलीशी खडखड. बाईंनी तो उभा धरून पाहिला. म्हणाल्या, हा पुरुषी तानपुरा, काळी एकच्या आसपास, म्हणजे पेटीवरच्या खालच्या पट्टीत बोलणारा. तुमची मुलगी गाते काळी चारला, बरीच वर. एवढ्या लांब तारा तिथवर ताणल्या तर तारा तुटतील, आणि नाही तुटल्या तर पुढेमागे दांडी वाकेल. तिला बायकांच्या मापाचा करून घ्या. हाही टाकू नका, दुरुस्त करा.

"पण कुठे?"

"मिरजेला. तंतुवाद्यांचं गाव ते. आणखी कुठे?"

एवढं बोलून बाई मोकळ्या झाल्या. आमच्या घरात गाणारी एक, गाण्यातलं कळणाऱ्या सासूबाई, आणि उरलेल्या आम्हा तिघांना सूर काय नि सूरपारंब्या काय, सारखंच. तानपुऱ्याचे फोटो आणि किमती इंटरनेटवर ढिगाने सापडतात. पण कुणाला फोन करायचा, आगाऊ किती द्यायचे, एवढं नाजूक धूड घरी आणायचं कसं, हे कुणी लिहिलेलं मला तरी मिळालं नाही. म्हणून हे जरा पाल्हाळ लावून लिहितेय.

बाईंनीच एका कारागिरांचा नंबर दिला. फोन उचलणाऱ्या गृहस्थांनी किंमत सांगायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. गाणार कोण? वय किती? पट्टी कुठली? मांडीवर उभा धरणार की जमिनीवर आडवा ठेवून छेडणार? पट्टीचं उत्तर बाईंनी दिलं होतं म्हणून निभावलं. तुम्ही फोन करणार असाल तर एवढी माहिती कागदावर लिहून मगच करा. मुलगी तेरा वर्षांची आहे म्हटल्यावर ते थोडं थांबले. मुलींचा आवाज या वयात मुलांसारखा फुटत नाही, पण पट्टी अर्ध्या-एक सुराने खालीवर होऊ शकते. तेवढी सोय तानपुऱ्यात ठेवता येते, एका तानपुऱ्यावर दोन-तीन पट्ट्या निघतात. मुलगा असता आणि आवाज फुटायचा असता, तर मी थांबा म्हटलं असतं, असं ते म्हणाले. स्वतःचं गिऱ्हाईक थांबवणारा माणूस, म्हणून माझा जरा विश्वास बसला.

किंमत बत्तीस ते पंचेचाळीस हजार. लाकूड, भोपळा आणि नक्षी यांवर फरक. तयार तानपुरेही मिळतात, ते त्याच दिवशी नेता येतात. करून घ्यायचा तर तीन महिने, "पावसाच्या आधी पॉलिश झालं तर." आणि शेवटी म्हणाले, "पोरीला घिऊन या ताई. नुसतं पैसं पाठवू नका. पोरगी समोर नसंल तर जवारी कुणासाठी लावायची?"

जवारी म्हणजे काय हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, पण एवढं कळलं की एकट्या नवऱ्याला पाठवून भागणार नाही. मग सगळेच निघालो. धाकट्याला घरी ठेवणार कोण, आणि सासूबाईंना तर मिरज म्हटल्यावर निमित्तच हवं होतं. त्यात थोरलीच्या शाळेने सुट्टीचा गृहपाठ दिला: एका पारंपरिक उद्योगाला क्षेत्रभेट देऊन अहवाल लिहिणे. सोबत चार पानी छापील नमुना. त्याबद्दल पुढे सांगते.

जुना तानपुरा न्यायचा कसा, हा पहिला पेच. नवरा स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात चौकशी करून आला. डब्यात न्यायच्या ट्रंक-सुटकेसची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर. त्याहून मोठं सामान ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, आगाऊ नोंदवून, गाडी सुटायच्या बरंच आधी आणून देऊन. वर खिडकीतल्या माणसाचा प्रेमळ सल्ला: लाकडी खोक्यात पक्कं बांधा, नाहीतर त्यावर कोण काय टाकेल सांगता येत नाही. खोकं करायला सुताराने साडेतीन हजार सांगितले. एका खासगी ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो तर त्याने आधी फॉर्म पुढे केला, "फुटतूट झाल्यास कंपनी जबाबदार नाही" या ओळीखाली सही करायची. जे मुळातच फुटलेलं आहे त्यासाठी एवढा व्याप कशाला, असं ठरवून आम्ही तो दोन गोधड्यांत गुंडाळला, तारा आणि घोडी (तारा जिच्यावरून जातात तो छोटा पाट) काढून वेगळ्या पिशवीत घातली, आणि १६ मे २०२५ च्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला उभे राहिलो. पुण्यात ही गाडी मध्यरात्र उलटल्यावर येते. तिकिटं पाच होती. एका बर्थवर तानपुरा निजला आणि नवरा मिरजेपर्यंत माझ्या पायांशी बसून आला. टीसीने टॉर्च मारून पाहिलं. "तानपुरा का? मिरज?" हो म्हटल्यावर पुढे गेला. त्या गाडीला असले प्रवासी नवे नसावेत. नियमाचं तेवढं तुम्ही तुमच्या जबाबदारीवर बघा.

पहाटे उतरलो. स्टेशनजवळच्या लॉजवर पाच जणांची एक खोली अठराशे रुपयांना, गरम पाणी सातपर्यंत. मिरज हे पूर्वी तीन गेजांचं, म्हणजे तीन रुंदींच्या रुळांचं जंक्शन होतं. कुर्डुवाडीकडे जाणारी छोटी गाडी इथूनच पंढरपूरला जायची, सासूबाई लहानपणी तिच्यातून गेल्या होत्या. लातूरला पाणी नेणारी रेल्वे २०१६ मध्ये याच स्टेशनातून सुटायची, हे सांगितल्यावर धाकट्याला मिरजेबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

दहाला सतारमेकर गल्लीत पोहोचलो. कारागिरांना सगळे चाचा म्हणत होते, आम्हीही चाचाच म्हणू लागलो. वय साठीच्या पुढे, डोळ्यावर दोरीने बांधलेला चष्मा. कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि वरचा माळा. जमिनीवर भुसा, भिंतीला टेकलेल्या दांड्या, आणि माळ्यावर छतापर्यंत रचलेले भोपळे. आम्ही पाच जण आणि एक तानपुरा आत शिरल्यावर तिथे पाऊल ठेवायला जागा राहिली नाही. लहान मूल नेणार असाल तर एकाने त्याला बाहेर फिरवायची तयारी ठेवावी. पटाशा, कानशी, डिंक-सरसाची भांडी सगळी हाताच्या अंतरावर असतात.

चाचांनी आधी जुना तानपुरा सोडला. भोपळ्यावर बोटाची पेरं आपटली, आत मान घालून वास घेतला, तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी झाकणावर टिचकी मारली. मग सासूबाईंना विचारलं, "साठ-पासष्टच्या सुमाराचा आसंल?" सासूबाईंनी सांगितलेलं साल त्याच्या आसपासच होतं. खडखड करत होती ती गायब खुंटी, आतच पडलेली. चिरेला आतून कापड आणि सरस लावून ती बुजवायची, तबली एका कडेने उचकटलेली आहे ती परत बसवायची, तारा नव्या, जवारी नवी. साडेपाच हजार. सासूबाई म्हणाल्या, पॉलिश करू नका, बाबांच्या हाताचा डाग आहे दांडीवर. चाचा म्हणाले, न्हाई करत.

नव्यासाठी मग माळ्यावर गेलो. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेकाठच्या शेतांतून. हा खायचा भोपळा नव्हे, चवीला कडू. वेलावरच पूर्ण पिकू द्यायचा, मग महिनोन् महिने वाळवायचा. आत बिया खुळखुळायला लागल्या की वाळला. धाकट्याला तेवढं काम मिळालं, तो एकेक भोपळा कानाशी धरून हलवत बसला. तानपुऱ्यासाठी घेर, सालीची जाडी आणि गोलाई तिन्ही बघतात. एका अंगाने पातळ असला तर तो बाजूला. निवडलेला भोपळा पाण्यात भिजवून नरम करायचा, तोंड कापायचं, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या आणि तोंड हव्या त्या गोलाईत राहावं म्हणून आत काड्यांचे टेकू देऊन पुन्हा वाळवायचा. असा टेकू दिलेला एक भोपळा चाचांनी थोरलीच्या हातात दिला. ती दोन्ही हातांनी सावरायला गेली आणि हसलीच, इतका तो हलका होता.

लाकूड तूनचं. गळा, दांडी आणि तबली हे लाकडाचे भाग. दांडी आतून पोकळ असते हे मला माहीत नव्हतं. वरची पट्टी बसवायच्या आधी पोकळी दिसते, अगदी पन्हळीसारखी. तबली सपाट नसते, मध्ये किंचित फुगीर असते, आणि ती किती तासायची हे मापाने नाही, ठोकून ऐकून ठरवतात. चाचांचा पुतण्या तेच करत होता. रंध्याचा एक हात, मग पेराने टकटक, मग पुन्हा रंधा. गळा आणि भोपळा जिथे जुळतात तिथे लाकडी पानं कोरून बसवतात. ती शोभेची आहेत असं वाटतं, पण सांध्यालाही त्यांचा आधार होतो. पांढऱ्या नक्षीसाठी पूर्वी हस्तिदंत असायचं, आता सेल्युलॉइड. नक्षीचं काम शेजारच्या घरात, पॉलिशचं पलीकडच्या. एका तानपुऱ्यावर किती जणांचे हात फिरतात ते मोजायचं थोरलीच्या अहवालात होतं. नावं लिहिता लिहिता तिला जागा पुरली नाही.

घोडी कशाची हवी, असा प्रश्न आला. पूर्वी सांबराच्या शिंगाची करत, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं. आता उंटाचं हाड किंवा काळं कठीण लाकूड. सासूबाई पटकन म्हणाल्या, "देवघराच्या खोलीत राहायचाय, हाड नको." चाचांनी काही न बोलता आबनुसाचा तुकडा पुढे केला.

मग त्यांनी थोरलीला सा लावायला सांगितला. आठ अनोळखी माणसं, रंधा थांबलेला, ती लाजून लाल. पहिला सा घशातच राहिला. चाचांनी भिंतीवरचा एक तयार तानपुरा काढून तिच्या हाती दिला आणि स्वतः पाठ करून कपाटात काहीतरी शोधायला लागले. ते काही शोधत नव्हते हे मला नंतर कळलं. ती हळूहळू गायला लागली. दहा मिनिटांनी वळून म्हणाले, "काळी चारच. पण जरा मोठी झाली की अर्धा सूर खाली, पांढरी पाचला जाईल असं वाटतंय. मी दांडी त्या हिशेबाने धरतो."

सौदा ठरला अडतीस हजारांना. आगाऊ पंधरा हजार, यूपीआयने दिले. पावती मात्र आग्रहाने मागा. त्यावर लाकूड, घोडी कशाची, पट्टी, नक्षी साधी की भरीव, आणि तयार होण्याचा महिना एवढं लिहून घ्या. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी नाही, तेव्हा कुणी वर टक्के लावले तर विचारायला लाजू नका. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये दोन वेगवेगळी भौगोलिक मानांकनं मिळाली आहेत. त्याने किंमत बदलली का, असं मी विचारलं. चाचा म्हणाले, "फोन वाढले."

आता तो छापील नमुना. पहिल्या पानावर "कारखान्याचा नोंदणी क्रमांक", दुसऱ्यावर "कामगारसंख्या (कुशल/अकुशल)", तिसऱ्यावर "सुरक्षा उपाय", चौथ्यावर "शासकीय योजनांचा लाभ" आणि शेवटी "संस्थाप्रमुखाची सही व शिक्का". अकुशल कोण, असं थोरलीने विचारलं तेव्हा पुतण्याने चहा आणणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं आणि पोराने पुतण्याकडे. योजनांच्या रकान्याशी चाचा हसले. "विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे हायत बघ बाळ. हत्यारं करणारे हायत त्यात. वाजवायचं करणारे न्हाईत. आमचा खापरपणजोबा बसला असता, आमी न्हाई बसत."

त्याचा अर्थ असा की हे घराणं शिकलगारांचं. तलवारी, भाले घडवणं आणि त्यांना धार लावणं हा मूळ धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात संस्थानांच्या फौजांना काही काम उरलं नाही, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला आणि त्यातून पुढे वाद्यं घडवणं सुरू झालं, असं गल्लीत सगळे सांगतात. संस्थानिक पटवर्धनांना गाण्याची आवड, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवायचे, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथेच शिकले. तेव्हा वाद्यांना गिऱ्हाईक दाराशी होतं.

शिक्का होता, पण पॅड सुकलेलं. चाचांनी त्यावर पॉलिशच्या स्पिरिटचे दोन थेंब टाकले आणि शिक्का मारला. जूनमध्ये अहवाल परत आला त्यावर लाल शाईत शेरा होता, "शिक्का अस्पष्ट." शेजारी "छान" असंही होतं, पण थोरलीला दिसला तो शिक्काच.

संध्याकाळी ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर या आवारात आहे, आणि उरुसाला त्यांच्या नावे संगीतसभा होते. सासूबाईंनी लहानपणी वडिलांबरोबर ती सभा ऐकली होती. खाँसाहेबांना स्वतः तानपुऱ्याची जवारी काढायचा नाद होता, हे त्यांनी तिथेच थोरलीला सांगितलं. सभेसाठी यायचं असेल तर लॉज खूप आधी धरावा लागतो, असं लॉजवाल्याने सांगितलं. आम्ही भडंग घेऊन दुसऱ्या दिवशी परतलो.

आणि मग वाट पाहणं. चाचांनी ऑगस्ट सांगितला होता. गेल्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच महाराष्ट्रात शिरला. इतका लवकर की लोकांची छपरं शाकारायची राहिली. लाखेचं पॉलिश दमट हवेत धरत नाही, पांढरट पडतं. एकावर एक पातळ हात द्यायचे, मध्ये वाळू द्यायचं, आणि वाळायला हवा कोरडी हवी. जुलैत फोन केला, "जोडलाय, पॉलिश राहिलंय." ऑगस्टमध्ये, "ऊन पडू द्या." सप्टेंबरात सोलापूरकडे पूर आला तेव्हा मीच फोन करायची थांबले. नवऱ्याचं मत होतं की आगाऊ दिलेले पैसे बुडाले. सासूबाईंचं मत होतं की घाई असेल तर पितळी भांडी घ्यावीत. मधेमधे फोटो यायचे: पानं कोरलेला गळा, नक्षी भरलेली पण काळ्या लाखेने अजून न उठवलेली, पॉलिशचा पहिला हात. फोटो मागून घेत जा. काम कुठवर आलं ते कळतं आणि चौकशीचा फोन तक्रारीसारखा वाटत नाही. ऑर्डर द्यायची तर दिवाळीनंतर द्यावी म्हणजे पॉलिश उन्हाळ्यात येतं, हे मला आता कुणालाही सांगता येईल.

दसरा २ ऑक्टोबरला झाला आणि त्यानंतर चाचांचाच फोन आला. भाऊबीज आटोपून २५ तारखेला पहाटे गाडीने निघालो. येताना दोन तानपुरे असणार म्हणून या वेळी दिराची मोठी गाडी मागून घेतली. सातारा, कराड, पेठ नाक्यावरून आत सांगली आणि मिरज. साडेपाच तास लागले, त्यात नाश्ता धरला आहे.

तानपुरा तयार होता, म्हणजे मला तयार वाटला. मधाच्या रंगाचा, गळ्याशी नऊ पानं, तारा चढवलेल्या. पण थोरलीने छेडल्यावर नुसता टणटण वाजला. ही जवारी अजून लावायची, असं चाचा म्हणाले, आणि घोडी काढून मांडीवर घेतली.

या घोडीची वरची बाजू सपाट दिसते. ती सपाट नसते. तार तिच्यावरून जाताना टेकतही नाही आणि सुटतही नाही अशी राहिली पाहिजे, इतका बारीक उतार तिला द्यायचा असतो. हीच जवारी. चाचांनी घोडी डोळ्यासमोर आडवी धरून दारातल्या उजेडात पाहिली. बारीक कानशीचे दोन हात दिले. फुंकर मारली, पॉलिश पेपर फिरवला, घोडी परत तबलीवर ठेवली, तारा ओढल्या, छेडल्या. नाही. तारा सैल, घोडी बाहेर. लाकडावर तार जिथे घासली तिथे एक चकचकीत रेघ उठते, ती बोटाने चाचपली. रेघ कुठे रुंद झाली, कुठे तुटली, त्यावर पुढचा हात. असं पाऊण तास चाललं होतं. धाकटा बाहेर गोट्या खेळणाऱ्या पोरांत कधी गेला ते मला कळलंही नाही.

शेवटी दोऱ्याचं काम. शिवायचा सुती दोरा, प्रत्येक तारेखाली एक तुकडा. चाचांनी षड्जाच्या तारेखालचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवला आणि थोरलीला म्हणाले, छेड. मघाचा टणटण गेला होता. तार एकदा छेडल्यावर तिच्यातून एकामागून एक सूर सुटत राहिले, आणि थांबतील म्हणावं तर थांबेनात. मलासुद्धा ऐकू आलं, म्हणजे बघा. सासूबाईंनी डोळे मिटले. थोरली म्हणाली, "जरा जास्त झणझणतंय." मला वाटलं, आता ही शहाणपणा करतेय. पण चाचा खूश झाले. "मग बाईंची तुझ्या बंद जवारी आसंल. सांग तसं." पुन्हा कानस. तिने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा मान हलवली, आणि न सांगता सा लावला. या वेळी कुणी पाठ केली नाही.

म्हणून गाणारं माणूस बरोबर असावं. तयार तानपुरा घेतलात तरीही ही बैठक मागून घ्या, कारण जवारी खुली (जास्त झणझणणारी) हवी की बंद (कमी झणझणणारी) ते दुसरा कुणी ठरवू शकत नाही. शिकवणाऱ्या बाईंना किंवा बुवांना आधी विचारून जा, शक्य तर त्यांच्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर न्या.

हिशेब असा झाला. नवा अडतीस हजार, जुन्याची दुरुस्ती साडेपाच, कापडी खोळ दोन्हींना मिळून अडीच हजार, जादा तारांचा संच चारशे. फायबरची पेटी साडेनऊ हजारांना होती, ती घेतली नाही. सतत कार्यक्रमाला फिरणार असाल तर घ्या, घरातल्या घरात खोळ पुरते. बिल पक्कं मिळालं, तारीख आणि वर्णनासकट. ते जपून ठेवलंय, पुढे परदेशी-बिरदेशी न्यायचा झाला तर लागेल असं चाचाच म्हणाले.

गाडीत मधली सीट पाडून दोन्ही तानपुरे गादीवर आडवे निजवले, भोपळ्यांच्या दोन्ही बाजूंना उशा. चाचांनी तारा थोड्या उतरवून दिल्या आणि घोडीच्या जागी तबलीवर पेन्सिलीने बारीक खूण केली, घोडी वाटेत सरकलीच तर परत तिथेच बसवता यावी म्हणून. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. बंद गाडी उन्हात तापली की पॉलिश मऊ पडतं आणि खोळीचं कापड त्याला चिकटतं. आम्ही पाळीपाळीने जेवलो.

घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस तारा सारख्या उतरत होत्या. फोन केला तर चाचा म्हणाले, नव्या तारा आणि नवी हवा, चढवत राहा. खुंटी घसरत असेल तर तिला खडू चोळा. तानपुरा भिंतीला टेकवून ठेवू नका, भोपळा खाली आणि दांडी कोपऱ्यात असा तर मुळीच नाही, आमच्याकडे झाडूवाल्या मावशींचा धक्का एकदा लागलाच होता. आडवा ठेवा, खाली चुंबळ किंवा रिंगण द्या. रोज वाजला तर जवारी वर्षभरात घासते, मग ती पुन्हा लावावी लागते, खर्च हजार-दीड हजार. पुण्यामुंबईत लावून देणारे आहेत, पण काहींचा हात जड असतो. आधी बाईंना विचारा. मिरजेलाच जाणार असाल तर शुक्रवार टाळा, दुपारी नमाजासाठी गल्ली बंद असते, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून चाचा लोक लग्नाला गेलेले नाहीत एवढी खात्री करून घ्या.